‘स्नायुदुखी’ : एका शब्दाची अतिव्याप्ती

कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन-वर्गातील औषधांविषयीच्या मराठी आरोग्यलेखनात दुष्परिणाम म्हणून ‘स्नायुदुखी’ हा शब्द वारंवार येतो. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप त्याच्या अतिव्याप्तीवर आहे.

पहिली अडचण ‘स्नायू’ या शब्दाचीच होय. आयुर्वेदीय ग्रंथांत तो सांधे बांधणाऱ्या बंधांचा वाचक आहे. मराठीत तो मांसाचा, तर हिंदीत मज्जातंतूचा. उलटपक्षी हिंदी ‘मांसपेशी’ म्हणजे आपला स्नायू, आणि मराठी ‘पेशी’ म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक. जळगाव व धुळे हे जिल्हे मध्य प्रदेशाला लागून असल्याने येथे हा घोटाळा कोशापुरता राहत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. बोलीत तीन निरनिराळे प्रयोग आहेत. सवय नसलेल्या व्यायामाने अंग ‘आंबते’. ही वेदना एक ते तीन दिवसांत वाढून ओसरते. पोटरीत ‘गोळा येतो’. जिना चढताना पायांतले ‘त्राण जाते’. स्टॅटिनमुळे अत्यंत क्वचित् स्नायूंचे विघटन होते. त्यात तीव्र वेदना, त्राण जाणे व लघवी काळपट होणे ही लक्षणे दिसतात, आणि तत्काळ उपचार आवश्यक असतो. हे सारे एकाच शब्दात कोंबले, की अंग आंबलेला मनुष्य गोळी सोडून देतो आणि त्राण गेलेला घरी पडून राहतो.

हा भेद अनावश्यक नाही. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात स्नायूंची तक्रार स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के, तर निरौषध गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी केली. २०२३ च्या डच अभ्यासात स्टॅटिन घेणारे सलग चार दिवस रोज ३० ते ५० किलोमीटर चालले. त्यांच्या स्नायूंना इतरांहून अधिक इजा झाल्याचे दिसले नाही. मात्र २०१३ च्या एका लहान प्रयोगात १२ आठवड्यांच्या व्यायामाने दमसास १० टक्के वाढला, सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांत केवळ १.५ टक्के. म्हणजे दुखणे व बळ वाढणे हे प्रश्नही वेगळेच आहेत.

‘आंबणे’ या शब्दाने दुग्धाम्लाच्या त्याज्य उपपत्तीची आठवण होईल, हा आक्षेप संभवतो. परंतु उपपत्ती चुकली तरी अनुभवाचा भेद खराच राहतो. अहिराणी बोलणारा रुग्ण ‘आंग दुखस’ एवढेच म्हणेल, तेव्हा ते आंबले आहे की त्राण गेले आहे, हे विचारूनच नोंद व्हावी. लेखनातही हे तिन्ही प्रयोग पृथक् ठेवावेत.