मागून येणारी पावलं

जानेवारीतल्या एका मंगळवारी, पहाटे सव्वापाचला, चार्ल्स नदीच्या काठावर माझा पाय ब्लॅक आइसवरून सरकला आणि डावं मनगट मोडलं. कपाळावरचा दिवा लावलेला होता. बुटांना चढवायचे खिळे मात्र घरी दाराशीच राहिले होते. बोस्टनच्या आसपास राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नकोच. सहा आठवडे प्लास्टर. मी ५९ वर्षांची, गेली अकरा वर्षं धावते आहे, त्यामुळे घरच्यांना या अपघातात निकालच दिसला. नवऱ्यानं तळघरात ट्रेडमिलसाठी जागा मोजली. सांगलीहून आई म्हणाली, "पुरे की आता. अंधारात एकटीनं पळायला कुणी बक्षीस देतंय का?"

उत्तर सुचलं नाही. म्हणून त्या सहा आठवड्यांत दोन पुस्तकं पुन्हा काढून शेजारी शेजारी ठेवून वाचली. दोन्ही २००७ सालची. एक हारुकी मुराकामीचं 'व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग' (फिलिप गेब्रिएल यांचा इंग्रजी अनुवाद पुढच्या वर्षी आला), दुसरं कॅथ्रिन स्विट्झरचं 'मॅरेथॉन वुमन'. तुम्ही धावत असाल तर पहिलं तुमच्याकडे असणारच. पळणाऱ्या माणसाला वाढदिवसाला काय द्यावं हे सुचलं नाही की लोक तेच देतात. माझ्याकडे तीन प्रती आहेत.

आणि ते चांगलंच पुस्तक आहे, हे आधी कबूल करते. मुराकामी धावायला लागला १९८२ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. तोक्योतला चालता जॅझ बार विकून त्यानं पूर्णवेळ लिहायचं ठरवलं होतं, वजन वाढत होतं, सिगारेटी चालू होत्या. पुढच्याच वर्षी जुलैच्या उन्हात तो अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत एकटा धावला. तो भाग वाचताना मला दर वेळी हसू येतं, कारण त्या ऐतिहासिक रस्त्यावर हा माणूस गाड्यांखाली मेलेली कुत्री आणि मांजरं मोजतो आणि थंडगार बिअरची स्वप्नं बघतो. बिअर शेवटी मिळते, पण स्वप्नातल्याइतकी छान लागत नाही. लांब पल्ल्याबद्दल इतकं खरं मी दुसरीकडे क्वचितच वाचलं आहे.

वयाबद्दलही तो असाच खरा. १९९६ साली होक्काइदोमधल्या सारोमा सरोवराकाठी तो १०० किलोमीटर धावला, ११ तास ४२ मिनिटांत. त्यानंतर काहीतरी विझलं, पळण्याची ओढ गेली, हे तो लपवत नाही. पुस्तक लिहिताना तो छप्पन-सत्तावन्न वर्षांचा आहे. २००५च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनसाठी प्रामाणिकपणे तयारी करतो, आणि वेळ मनासारखी लागत नाही. ती का लागली नाही याची कारणं शोधून शोधून शेवटी तो वयापाशी येऊन थांबतो, कुरकुर न करता. व्हॉट्सअ‍ॅपवर 'वय म्हणजे फक्त आकडा' असं सांगणारे व्हिडिओ येतात ना, त्यावर हा उतारा आहे. वय हा आकडा नाही. ते गुडघ्यात असतं आणि पहाटे बिछान्यातून उतरताना पहिल्या दहा पावलांत असतं.

पण मग चार्ल्स नदी येते. माझी नदी! मुराकामी तेव्हा केंब्रिजमध्ये राहत होता आणि आपण जिथे पळतो तिथेच पळत होता. हार्वर्डमध्ये नव्यानं आलेल्या मुली, पोनीटेल झुलवत, त्याला मागे टाकून जातात. त्याला वाईट वाटत नाही. त्यांची वेळ आहे, आपली होऊन गेली, असं म्हणून तो आपल्या गतीनं पुढे जातो. हा परिच्छेद मला पूर्वी फार आवडायचा. या वेळी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून तो वाचला आणि पुढे सरकताच येईना.

मागून पावलं ऐकू येतात तेव्हा मी काय करते, ते सांगते. डाव्या कानातलं गाणं काढते. खिशातली शिट्टी चाचपते. पूल किती दूर आहे आणि पुलावर दिवा आहे का, याचा हिशोब करते. पावलं हलकी आहेत की जड, एकाची की दोघांची, हे मला न बघता कळतं. मग कुणीतरी तरुण पोरगा किंवा पोरगी 'मॉर्निंग' म्हणून भुर्रकन निघून जाते आणि माझी गती मिनिटभर उगाचच वाढलेली असते. मुराकामीच्या पुस्तकात मागून येणारी पावलं जास्तीत जास्त थोडा अहंकार दुखावतात.

तुम्ही म्हणाल, तो पुरुष आहे, त्यानं आपला अनुभव लिहिला, त्यात दोष काय? दोष नाहीच. माझी तक्रार वेगळी आहे. एकटेपणा हा आपला स्वभाव आहे आणि पळणं त्या स्वभावाला मानवतं, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. एकटेपणासाठी काही व्यवस्था लावावी लागते, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. माझ्या एकटेपणामागे नवऱ्याच्या फोनवर सरकणारा एक निळा ठिपका आहे, चमकणारं जाकीट आहे, 'पोचले' असा संदेश आहे. त्याच्या पुस्तकात बायको येते, पण ओझरती.

आणि पहाट. हा मुद्दा मला आधी दिसलाच नव्हता. मुराकामी पाचच्या आत उठतो, पण पहाट देतो लिहिण्याला. पळणं, बाकीची कामं, सगळं त्यानंतर. दिवस त्याचा स्वतःचा आहे. आपल्यासारख्यांनी पहाट आवडली म्हणून निवडलेली नाही, ती तेवढी उरलेली आहे. आठला नोकरी सुरू होते, संध्याकाळ घराची असते, शनिवार-रविवार मंडळाच्या नाटकाच्या तालमींचे. इथल्या हिवाळ्यात पहाटे पाचला सांगलीत दुपारचे साडेतीन वाजतात, म्हणजे आईची वामकुक्षी संपून चहा ठेवायची वेळ. मी बुटांच्या नाड्या बांधता बांधता तिच्याशी बोलते. डिसेंबरात इथे सूर्य उगवायला सात वाजून जातात, तोवर माझे बारा किलोमीटर होऊन आंघोळही झालेली असते. असं वेळापत्रक असणाऱ्या माणसाला 'धावताना मी पोकळीत असतो' हे मुराकामीचं म्हणणं ऐकायला छान वाटतं, पण आमच्या पोकळीत साडेसहाचा गजर लावलेला असतो.

स्विट्झरचं पुस्तक यापुढे ठेवलं तर, खरं सांगायचं, साहित्य म्हणून टिकत नाही. सैल आहे, लांबलं आहे. उत्तरार्धात प्रायोजक, बैठका, शर्यतींची आखणी यांचे अहवाल वाचतोय असं वाटतं. १९६७च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये के. व्ही. स्विट्झर या नावानं नोंदणी करून ती धावली, आणि अधिकारी जॉक सेम्पल तिच्या छातीवरचा २६१ क्रमांक ओढायला धावला, ती छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. माझं मन मात्र त्याच्या आधीच्या प्रकरणांत रेंगाळलं. सिराक्यूज विद्यापीठात टपाल वाटणारा आर्नी ब्रिग्ज, वय पन्नास, बोस्टन पंधरा वेळा धावलेला. तो या विशीतल्या मुलीबरोबर बर्फातून पळतो आणि तिचं मन रमावं म्हणून आपल्या जुन्या शर्यतींच्या त्याच त्याच गोष्टी सांगतो. बायकांना मॅरेथॉन झेपत नाही, असंही हाच सांगतो. मग सरावात ती पूर्ण अंतर कापते, वर आणखी पाच मैल धावू म्हणते, आणि एकतीस मैलांच्या शेवटी बेशुद्ध पडतो तो आर्नी. दुसऱ्या दिवशी नोंदणीचा आग्रह त्याचाच. प्रौढ हौशी धावपटूचं याहून लाघवी चित्र मला मुराकामीच्या सगळ्या पुस्तकात सापडलं नाही, कारण तिथे एकाच माणसाला जागा आहे.

आता चालण्याचं. आपल्या थडग्यावर काय कोरावं हे मुराकामीनं सांगून ठेवलंय: निदान आपण कधी चाललो नाही, याची नोंद. सारोमाला भोवतीचे लोक चालायला लागले तरी तो चालला नाही, आणि त्याला त्याचा अभिमान आहे. मार्चमध्ये प्लास्टर निघाल्यावर मी पुन्हा बाहेर पडले ती चार मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं, अशी. १९७२चा ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यानं ही रीत अमेरिकेत रुजवली. पहिल्या दिवशी ते एक मिनिट मला चोरी केल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्यात मुराकामीचा हात होता. मग आत्या आठवली. ती आळंदीहून वारीला जायची. पंधरा-अठरा दिवस चालत, आणि वेळापूरजवळ उतारावर सगळे वारकरी पळत सुटतात, त्याला 'धावा' म्हणतात. तिला जर सांगितलं असतं की बाई, तू चाललीस म्हणून तुझं धावणं मोजत नाही, तर तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं असतं.

पुढच्या वर्षी मी साठीत जाईन आणि बोस्टनच्या पात्रतेची वेळ माझ्या गटाला ४ तास २० मिनिटं होईल. दर मिनिटाला चालत ती जमणार नाही, हे मला माहीत आहे. मुराकामी इथे मला दटावेल, आणि त्याचं बरोबर असेल.

ट्रेडमिल आली. मी बर्फ असेल त्या दिवशी वापरते. एप्रिलपासून पलीकडच्या गल्लीतली, शाळेतून निवृत्त झालेली एक बाई सव्वापाचला पुलापाशी येते. मागून पावलं आली तर आता आम्ही वळूनही बघत नाही. पण ती बोलते फार. सून, टोमॅटोची रोपं, पुन्हा सून. नदीवर होड्या वल्हवणारी पोरं निघालेली असतात, पाण्यावर धुकं असतं, आणि ही सुनेवर असते. अशा वेळी मला मुराकामी अगदी शब्दाशब्दाला पटतो.