गळ टाकणाऱ्यांचें वाङ्मय

मासे धरणें हा वाङ्मयाचा विषय होऊं शकतो काय, असा प्रश्न राजारामपुरींतील आमच्या लहानशा वाचकमंडळांत नुकताच निघाला. निमित्त होतें नॉर्मन मॅक्लीन या अमेरिकन लेखकाच्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' या दीर्घकथेचें. मंडळांतील एका वृद्ध गृहस्थांनीं पुस्तक मिटलें व ते म्हणाले, "अहो, शंभर पानें वाचलीं. माणसें पाण्यांत उभीं राहतात आणि मासे धरतात. पुढें काय?" प्रश्न थट्टेचा होता खरा, पण त्याचें उत्तर देण्यासारखें आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मॅक्लीन शिकागो विद्यापीठांत इंग्रजीचा अध्यापक होता. सेवानिवृत्त होऊन सत्तरीस पोहोंचल्यावर त्यानें कथालेखनास आरंभ केला, आणि 1976 सालीं त्या विद्यापीठाच्याच प्रकाशनसंस्थेनें हें पुस्तक काढलें. माँटाना प्रांतांतील बिग ब्लॅकफूट नदी, तिच्या कांठीं वाढलेले एका धर्मोपदेशकाचे दोन मुलगे, आणि 1937 चा उन्हाळा, एवढीच सामग्री. धाकटा पॉल हा वार्ताहर आहे, जुगारी आहे, मद्यपी आहे. परंतु ट्राउट मासा धरण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नाहीं. या माशासाठीं पिसें व दोरा यांची खोटी माशी करून ती पाण्यावर अशी टाकावी लागते कीं, माशास ती खरीच वाटावी. दोरी मागें नेणें, क्षणभर थांबणें, पुढें सोडणें, हें सारें चार मात्रांत बसलें पाहिजे. बापानें मुलांस तें घरच्या पियानोवरील तालयंत्र लावून शिकविलें. आमच्याकडे तबल्याचा उस्ताद शिष्याकडून ठेका घोटवून घेतो, तसाच हा प्रकार.

या तांत्रिक वर्णनांत पानेंच्या पानें खर्ची पडलीं आहेत, व तेथेंच आमचे वृद्ध मित्र कंटाळले. आमच्या मतें कथेचें बळ नेमकें त्या पानांत आहे. थोरल्या भावास धाकट्याला वांचवावयाचें आहे, पण मदत कशी करावी हें त्याला कळत नाहीं, आणि धाकटा ती मागत नाहीं. बोलणें साधत नाहीं म्हणून ते मासे धरावयास जातात. हाताची हालचाल, पाण्याचा वेग, दोरीचा ताण यांविषयीं लेखक जितका नेमका आहे, तितकाच भावाविषयीं तो हतबल आहे. पॉलचा अखेरचा मासा बाप व भाऊ कांठावरून पाहतात. त्यानंतर त्याच्या खुनाची वार्ता अगदीं थोड्या शब्दांत येते. त्याच्या हाताचीं बहुतेक हाडें मोडलीं होतीं असें कळल्यावर बाप विचारतो, कोणत्या हाताचीं? उजव्या, असें उत्तर मिळतें. दोरी फेंकण्याचें तें कंटाळवाणें वर्णन आधीं वाचलें नसतें, तर हा प्रश्न आम्हांस समजलाच नसता.

एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. माशीनें मासे धरणारा तो कुलीन, गांडुळें लावणारा तो हलका, असा भेद या बापलेकांच्या मनांत आहे. वहिनीकडचा एक पाहुणा डबाभर गांडुळें घेऊन येतो, त्याची यथेच्छ टर उडविली आहे. विनोद म्हणून तें खपतें. पण पंचगंगेच्या घाटावर कणकेची गोळी लावून रात्रीच्या कालवणाची सोय करणारा मनुष्य ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस या हंसण्यांत पुरतें सामील होतां येणार नाहीं. ज्याला मासा खावयाचा आहे, त्यानें आमिषाची प्रतिष्ठा काय म्हणून सांभाळावी?

आतां आमच्याकडे पाहूं. इंग्रजांस आपल्या वॉल्टनचा मोठा अभिमान. त्याचा 'कंप्लीट अँग्लर' 1653 चा. पण कोल्हापुरास शिलाहार गंडरादित्य राज्य करीत असतां, त्याचा सार्वभौम कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरण घातलें. समुद्रांतले व नदींतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे सुमारें 35 जातींचे मासे, कोणास कोणतें आमिष द्यावें, काठी, दोरी व गळ कशीं असावीं, हें तेथें सांगितलें आहे. वॉल्टनच्या पांचशें वर्षें आधीं! ज्या ग्रंथांत मराठी गीतांचे जुने नमुने सांपडतात, तोच हा ग्रंथ.

तथापि या प्राचीनत्वानें हुरळून जाऊं नये. सोमेश्वराचें ज्ञान चोख आहे, पण त्यांत राजा आहे, मासा आहे, माणूस नाहीं. गळ टाकतांना कोणी कोणाची वाट पाहत नाहीं, कोणी कोणास गमावीत नाहीं. शास्त्र झालें, वाङ्मय व्हावयाचें राहिलें, आणि पुढील शतकांत तो धागा कोणी उचलला नाहीं. कारण उघड आहे. ज्यांस पाणी ठाऊक होतें ते भोई व कोळी लिहीत नव्हते. जे लिहीत होते ते घाटाच्या पायरीवर उभे राहून नदीस हात जोडीत होते. आमच्या कवितेंत नदी पापें धुते, विरहिणीस रडविते, क्वचित् पूर आणते. तिच्या पोटांत काय आहे याची चौकशी आम्हीं केली नाहीं.

ती चौकशी साइक्स नांवाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें केली. पुण्याच्या मुळामुठेंतले व दख्खनच्या इतर नद्यांतले मासे पाहून 1839 सालीं त्यानें त्यांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं, आणि शास्त्रीय नांवें देतांना स्थानिक लोकांचे शब्दच लॅटिन वेषांत उचलले: खुद्री, मुसुल्ला, कोलुस. कृष्णेच्या खोऱ्यांतील ज्या माशास गळवाले महसीर म्हणून मान देतात, त्याचें नांव आज जगभर 'टॉर खुद्री' असें लिहिलें जातें. नदीकांठच्या कोणा अनाम माणसाच्या तोंडचा शब्द दोन शतकें जगाच्या शास्त्रग्रंथांत नांदत आहे, आणि राजारामपुरींतल्या आमच्या बैठकींत बसलेल्या अकरा सुशिक्षितांपैकीं एकासही तो ठाऊक नव्हता. त्या अकरांत आम्हीही होतों.

बैठक संपल्यावर आम्ही त्या वृद्ध गृहस्थांसह पंचगंगेवर गेलों. पायरीवर एक पोरगा गळ टाकून बसला होता. "काय लागतंय रे बाळ?" असें त्यांनीं विचारलें. त्यानें पाण्यावरची नजर न काढतां तीन नांवें सांगितलीं. गृहस्थांनीं खिशांतून पेन काढलें, पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर तीं उतरून घेतलीं, आणि तिसरें नांव नीट ऐकूं आलें नाहीं म्हणून त्याला पुन्हां विचारलें.