‘लाइन’ : एका शब्दाचे अर्थ आणि भाषाशुद्धीची कसोटी

झाशीत मराठी वस्ती अठराव्या शतकातील नारो शंकरांच्या सुभेदारीपासून आहे. याच शहरात ‘सिव्हिल लाइन्स’ आहे, पोलीस लाइन आहे आणि मुंबईकडे जाणारी रेल्वेची लाइनही आहे. छावणीत ओळीने बांधलेल्या शिपायांच्या घरांना इंग्रज ‘लाइन्स’ म्हणत. पुढे ते वस्तीचेच नाव झाले.

स्वकीय शब्द असताना परकीय वापरू नये, ही सावरकरांच्या भाषाशुद्धीची कसोटी. तिच्यानुसार ‘लाइन’ दोषी ठरते. कारण मराठीत रेषा, ओळ आणि रांग हे तीन शब्द आधीच आहेत. तिन्ही स्त्रीलिंगी, ‘लाइन’ही मराठीत स्त्रीलिंगी झाली, आणि बोलीत तिचे अनेकवचन ‘लायनी’ झाले. परंतु ‘लाइन गेली’ म्हणजे वीज गेली, ‘लाइन लागत नाही’ हे दूरध्वनीविषयी, ‘तो कोणत्या लाइनला आहे?’ हे व्यवसायाविषयी. येथे वरील तिन्हींपैकी एकही शब्द चालत नाही. ‘लाइन मारणे’ तर इंग्रजीलाही अपरिचित आहे. उलट, लेखी मराठीत कवितेची ओळ व भूमितीची रेषा आपापल्या जागी टिकून आहेत.

मात्र ‘रांगेत उभे राहा’ऐवजी ‘लायनीत उभे राहा’ म्हटले जाते, तेव्हा एक जिवंत शब्द खरोखरच मागे ढकलला जातो. तेथील आक्षेप रास्त होय. तात्पर्य, दोष शब्दाचा नव्हे, प्रयोगाचा तपासावा. आणि कोशकारांनी ‘लाइन’चे हे अर्थ मराठीचे म्हणूनच नोंदवावेत.