घरविक्रीची भाषा आणि भिंतीवरची तसबीर

घर विकण्याच्या जाहिरातीला आपल्याकडे कोणी वाङ्मय मानत नाही. माझे म्हणणे असे की ती कथेइतक्याच बारकाईने वाचली पाहिजे. पांढरपेशा समाजाची मूल्यव्यवस्था त्याच्या ललित निबंधांतून जितकी उघडी पडत नाही तितकी ती या चार ओळींतून पडते. 'प्रतिष्ठित वस्ती', 'सुसंस्कृत शेजार', 'शाकाहारी कुटुंबास प्राधान्य', 'वास्तुशास्त्रानुसार रचना', 'स्वतंत्र देवघर'. यांत विटेबद्दल काही नाही, पाण्याबद्दल काही नाही. घराच्या नावाखाली इथे शेजार विकला जातो, आणि शेजार म्हणजे तिथे कोण राहत नाही याची हमी.

'सुसंस्कृत' हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. दलित साहित्याच्या भाषेला नाक मुरडणाऱ्या समीक्षेत तो पूर्वीपासून वावरत आला आहे. तिथे तो भाषेची प्रतवारी लावतो, इथे भाडेकरूची आणि गिऱ्हाइकाची. जात हा शब्द न उच्चारता जात सांगण्याचे हे कसब आहे, आणि ते कसब म्हणून मान्यच केले पाहिजे. 'शाकाहारी' म्हटले की माणसे आपोआप गाळली जातात आणि लिहिणाऱ्याचा हात स्वच्छ राहतो.

या जाहिरातीला जोडून एक दुसरा वाङ्मयप्रकार अलीकडे रुजला आहे. घर चांगल्या भावाने कसे विकावे याचा उपदेश. त्यातला बराचसा भाग शहाणपणाचा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. गळके नळ दुरुस्त करा, ओल आलेली भिंत आधी सुकवा आणि मगच रंग द्या, माळ्यावरची अडगळ काढा, गिऱ्हाईक येईल तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा. परंतु या उपदेशाचे मुख्य सूत्र निराळे आहे. ते अमेरिकेतून आले आहे: घरातून तुमची स्वतःची खूण काढून टाका, कुटुंबाचे फोटो उतरवा, म्हणजे येणाऱ्याला तिथे स्वतःला पाहता येईल.

मी माझे उपनगरातले दोन खोल्यांचे घर विकायला काढले तेव्हा हे सूत्र मला एजंटाच्या तोंडून ऐकायला मिळाले. माणूस वाईट नव्हता. नळ, रंग, दिवे सगळे सांगून झाल्यावर तो समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाला, "सर, तो बाबासाहेबांचा फोटो तेवढा काढून ठेवा. गिऱ्हाईक आत येतं, भिंत बघतं आणि भाव विचारायचंच सोडून देतं." मी विचारले, "आणि बुद्ध?" "बुद्ध राहू द्या, सर. बुद्धानं घर कसं शांत वाटतं."

तसबीर मी काढली नाही. घर विकायला पाच महिने लागले आणि भाव पाडून द्यावा लागला. पण माझी कैफियत हा या लेखाचा विषय नाही. मला त्या सल्ल्याचे वाचन करायचे आहे.

बुद्ध चालतो, कारण बाजाराने त्याला नागपुरापासून तोडून घेतले आहे. नव्या इमारतींच्या नमुना-सदनिकेत, हॉटेलच्या दालनात, त्याचे नुसते मस्तक मांडलेले असते. धड नाही, धम्म नाही, 14 ऑक्टोबर 1956 नाही. बाबासाहेबांची तसबीर अशी तोडता येत नाही. कोट, चष्मा, हातातले पुस्तक पाहताच घरमालक कोण हे कळते. म्हणजे 'स्वतःची खूण काढा' हा सल्ला दिसतो तसा सर्वांसाठी सारखा नाही. कोणी देवघर उतरवून ठेवत नाही, उलट ते जाहिरातीत छापले जाते आणि त्याने भाव चढतो. कोऱ्या भिंतीलाही जात असते.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन सिटीत एका कृष्णवर्णीय दांपत्याच्या घराची किंमत 2020 साली 9 लाख 95 हजार डॉलर ठरवण्यात आली. काही आठवड्यांनी त्यांनी आपले फोटो उतरवले, एका गोऱ्या मैत्रिणीला घरमालकीण म्हणून उभे केले, आणि दुसऱ्या मूल्यमापकाने तेच घर 14 लाख 82 हजार 500 डॉलरचे ठरवले. त्यांनी 2021 मध्ये दावा लावला. विशेष म्हणजे वंश वा धर्म पाहून पसंती सुचवणारी घराची जाहिरात छापणेच त्या देशाच्या 1968 च्या कायद्याने गुन्ह्यासारखे निषिद्ध ठरवलेले आहे. जाहिरात बंद झाली. भिंत वाचणारे डोळे राहिले.

आपल्याकडे तर तेवढेही नाही. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याचे 12 वे कलम जाहिरातीतल्या खोट्या माहितीबद्दल बिल्डरला भरपाई द्यायला लावते. चटई क्षेत्र चोरले तर दाद आहे, 'सुसंस्कृत शेजार' छापला तर त्यात खोटे ते काय! 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरतेच ठेवणारा नियम वैध ठरवला. सहकार हा शब्द आपण किती मोठ्या आशेने उच्चारला होता!

आता प्रश्न आमच्या साहित्याला. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो, जात लपवून आसरा मिळवतो, आणि ती कळल्यावर मार खातो. लॉरेन हॅन्सबेरीच्या 'अ रेझिन इन द सन' (1959) या नाटकात शिकागोचे एक कृष्णवर्णीय कुटुंब गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते, तर रहिवाशांचा प्रतिनिधी ते घर जास्त पैसे देऊन परत घ्यायला येतो. त्याची भाषा मोठी सभ्य, जवळजवळ जाहिरातीसारखी. दोन्हीकडे आपला माणूस दाराबाहेरून आत येऊ पाहतो आहे. पण शिकलेली, नोकरी केलेली आमची एक पिढी आज दाराच्या आत उभी आहे. तिने कर्ज फेडून घर केले आणि आता ती ते विकते आहे. विकताना तिला पुन्हा जात चोरायला सांगितले जाते, या वेळी मार खाण्याच्या भीतीने नाही तर चार लाखांच्या लोभाने. या लोभाची कथा मला कोठे वाचायला मिळालेली नाही. ती सोपी नाही, कारण तिच्यात शत्रू हात उगारत नाही. तो 'सर' म्हणतो, चहा घेतो, आणि तसबीर उतरवणारा हात आपलाच असतो. मुलीच्या शिक्षणासाठी तो फोटो आठवडाभर कपाटात ठेवणाऱ्या बापाला मी गद्दार म्हणणार नाही. त्याच्यावर लिहिणाऱ्यानेही म्हणू नये. त्या आठवड्यात त्या घरात जेवताना काय बोलणे होते, ते लिहावे.

जाहिरातीची भाषा बदलणे मात्र आजही आपल्या हाती आहे. विकणाऱ्याने खरे चटई क्षेत्र लिहावे, पाणी किती तास येते ते लिहावे, भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले की नाही, सोसायटीची थकबाकी किती, हे लिहावे. गिऱ्हाइकाला एवढेच हवे असते आणि नेमके एवढेच छापले जात नाही. विद्यार्थी आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या वृत्तपत्रांतील महिनाभराच्या घरांच्या जाहिराती कापून तारखेसह वहीत चिकटवाव्यात, 'शाकाहारी', 'सुसंस्कृत', 'आपल्या समाजातील' असे शब्द किती वेळा आले ते मोजावे, आणि शिक्षकांनी तो उतारा म्हणून वर्गात वाचायला घ्यावा.