वित्तीय भाषा-प्रतिमानांचे प्रशिक्षण व मूल्यमापन : एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ : पेण व रोहा)

प्रस्तावना :
विपुल मजकुराच्या आधारे संगणकास पुढील शब्दाचा अंदाज बांधण्यास शिकविणे, हा भाषा-प्रतिमानाच्या म्हणजेच लँग्वेज मॉडेलच्या प्रशिक्षणाचा गाभा होय. अशी प्रतिमाने आता वित्तीय क्षेत्रासाठी स्वतंत्रपणे घडविली जात आहेत. त्यांचे मूल्यमापन कोणाच्या हिताच्या दृष्टीने होते, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप :
इ.स. २०२३ मध्ये ब्लूमबर्ग कंपनीने 'ब्लूमबर्गजीपीटी' हे ५० अब्ज पॅरामीटरचे प्रतिमान मांडले. त्यासाठी सुमारे ३६३ अब्ज टोकनांचा वित्तीय व ३४५ अब्ज टोकनांचा सर्वसाधारण मजकूर संकलित करण्यात आला. सामान्य क्षमता न गमावता वित्तीय कसोट्यांवर समान आकाराच्या खुल्या प्रतिमानांपेक्षा सरस कामगिरी करणे, हे त्याचे यश मान्य करावेच लागेल. तथापि त्यातील वित्तीय मजकूर इंग्रजी होता. बातम्या, कंपन्यांची विवरणे व प्रसिद्धीपत्रके यांचे ते जग प्रामुख्याने भांडवली बाजाराचे आहे.

मूल्यमापनाची दृष्टी :
या प्रतिमानाच्या मूल्यमापनात 'फायनान्शियल फ्रेजबँक' या २०१४ च्या संचाचाही वापर झाला. हेलसिंकी शेअर बाजारात नोंदणीकृत कंपन्यांविषयीच्या बातम्यांतील सुमारे ४,८४० वाक्ये त्यात आहेत. १६ जाणकारांनी त्यांचे अनुकूल, प्रतिकूल व तटस्थ असे वर्गीकरण केले. निकष एकच होता : गुंतवणूकदाराच्या दृष्टीने शेअरच्या किमतीवर होणारा परिणाम. या निकषावर ज्या संस्थेचा शेअर बाजारात नाही, तिच्याविषयीचे वाक्य तटस्थ ठरण्याचाच संभव अधिक.

पेण व रोहा यांचा संदर्भ :
रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. त्यांच्या कार्यकाळातच १९४९ चा बँकिंग कायदा अमलात आला. ठेवीदारांचे हितरक्षण हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. या कायद्यात पुढे समाविष्ट झालेल्या कलम ३५अ अन्वये रिझर्व्ह बँक अडचणीतील बँकांवर निर्बंध घालते. रोह्यापासून फार दूर नसलेल्या पेण येथील पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर असे निर्बंध २०१० मध्ये आले. बनावट कर्जखात्यांचा गैरव्यवहार उघडकीस आला आणि ठेवीदारांचे पैसे अडकले.

निर्बंध म्हणजे परवाना रद्द होणे नव्हे, असा खुलासा रिझर्व्ह बँकेच्या अशा प्रसिद्धीपत्रकांत सामान्यतः असतो. केवळ शब्दांवरून पाहता तो दिलासादायक वाटतो. परंतु त्या काळी ठेव विम्याची रक्कम मिळण्यासाठी सामान्यतः बँक अवसायनात जाण्याची वाट पाहावी लागे. म्हणजे ठेवीदाराच्या लेखी त्या वाक्याचा अर्थ 'पैसेही नाहीत आणि विमाही नाही' असा होता. शेअरच्या किमतीचा निकष हा अर्थ टिपू शकत नाही.

पर्यायी कसोटी :
मुद्दल व व्याज मिळून पावणेदोन लाखांची ठेव असलेल्यास विम्यातून किती रक्कम मिळेल, हा साधा प्रश्न घ्यावा. विम्याची मर्यादा २०१० मध्ये १ लाख रुपये होती. तेव्हा ७५,००० रुपये विम्याबाहेर राहत. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा ५ लाख झाली असून, २०२१ च्या दुरुस्तीनुसार निर्बंधांच्या काळातही ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे. अचूक उत्तरासाठी प्रतिमानास 'पावणेदोन' हा शब्द, घटनेचे वर्ष व कायद्यातील बदल या तिन्हींचे भान हवे.

बहुभाषिक मजकुरावर वाढलेली मोठी सर्वसाधारण प्रतिमाने ही उणीव भरून काढतील, असा आक्षेप येऊ शकतो. काही वित्तीय कसोट्यांवर जीपीटी-४ ने ब्लूमबर्गजीपीटीवर मात केल्याचे २०२३ मध्येच दिसून आले, हे खरे. मात्र मोजपट्टी तीच राहिल्यास मोठ्या प्रतिमानाची गुणसंख्या वाढेल. ठेवीदाराचा प्रश्न विचारला गेला, असे होणार नाही.

निष्कर्ष :
वित्तीय प्रतिमानाचे मूल्यमापन करताना गुंतवणूकदाराबरोबर ठेवीदाराची दृष्टी, कालसापेक्ष नियम आणि स्थानिक भाषेतील संख्यावाचक शब्द यांचा अंतर्भाव होणे अगत्याचे आहे. अशी कसोटी रचण्यासाठी सहकारी बँकांचे लेखापरीक्षक, ठेवीदार संघटना व मराठीचे अध्यापक यांनी एकत्र येणे उचित ठरेल. बँकेच्या दारातील सूचनाफलक वाचून आपल्या कष्टाच्या पैशाचे काय होणार हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला योग्य उत्तर देणारे प्रतिमानच खऱ्या अर्थाने वित्तीय म्हणविले जावे.