इस्ट्रोजेन-ग्राही बीटा व त्याची प्रतिपिंडे : एक परीक्षण

‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झालेला सांड्रा अँडरसन, सेसिलिया विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध वरवर पाहता काही प्रतिपिंडांच्या तपासणीपुरता आहे. वस्तुतः त्याने एका संशोधनक्षेत्राच्या वीस वर्षांच्या पुराव्यालाच हात घातला. त्यामुळे त्याचा विचार केवळ तंत्राच्या अंगाने करून भागणार नाही.

इस्ट्रोजेन-ग्राही बीटा हा एक प्रतिलेखन घटक होय. इस्ट्रोजेनशी संयोग झाल्यावर तो डीएनएवरील ठराविक स्थळी बसतो व तेथील जनुकांचे प्रतिलेखन वाढवितो किंवा रोखतो. त्याचा सजातीय अल्फा-ग्राही हा स्तनाच्या कर्करोगावरील संप्रेरकोपचाराचे लक्ष्य म्हणून सुपरिचित आहे. स्वीडनमध्ये यान-ओके गुस्ताफसन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली बीटाचा शोध जाहीर केला, तेव्हा या रोगावर दुसरे शस्त्र हाती येईल अशी आशा बळावणे साहजिकच होते. ती आशा फळास आली नाही. परस्परविरोधी निष्कर्षांची मात्र रास पडली. त्यांची कारणे शोधताना बहुतेकांनी ग्राहीच्या स्वभावातील गुंतागुंतीकडे बोट दाखविले. ज्या प्रतिपिंडाने तो ग्राही दिसत होता, त्याच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

उपर्युक्त निबंधात अशा १३ प्रतिपिंडांची कसोटी घेण्यात आली. ज्यांत हे प्रथिन आहे आणि ज्यांत ते नाही, असे दोन्ही प्रकारचे नमुने त्यासाठी वापरले गेले. ऊतकांच्या छेदांवर विशिष्टपणे बीटाच ओळखणारे प्रतिपिंड एकच निघाले : पीपीझेड०५०६ हे मोनोक्लोनल, आणि तेही क्वचितच वापरात असलेले! त्याच्या साहाय्याने ४४ प्रकारच्या निरोगी व २१ प्रकारच्या कर्करोगी मानवी ऊतकांची पाहणी केली असता वृषण, अंडाशय, लसीका पेशी, अंडाशयातील ग्रॅन्युलोसा पेशींचे अर्बुद आणि मेलॅनोमा व अवटू ग्रंथीचे काही कर्करोग यांत बीटा आढळला. स्तनाच्या ऊतकात, निरोगी असो वा कर्करोगी, त्याचा पुरावा मिळाला नाही.

मग इतकी वर्षे स्तनाच्या पेशींत जे रंगत होते ते काय? या प्रश्नाचे मूळ प्रतिलेखन घटकांच्या प्रकृतीत आहे. हे घटक पेशीत बहुधा अत्यल्प प्रमाणात असतात. प्रतिपिंडाची दुसऱ्या एखाद्या विपुल प्रथिनाशी थोडी जरी सलगी असली, तरी त्या प्रथिनाचा रंग खऱ्या लक्ष्याच्या रंगाला सहज झाकून टाकतो. शिवाय हे घटक केंद्रकात कार्य करतात. म्हणून केंद्रक रंगलेले दिसले की निरीक्षकाचे समाधान होते. परंतु केंद्रकात प्रथिने असंख्य असतात. योग्य जागी रंग दिसणे ही ओळख पटल्याची खूण नव्हे; तो केवळ अपेक्षेशी जुळणारा योग होय. ज्या पेप्टाइडविरुद्ध प्रतिपिंड तयार केले, तेच आधी मिसळून रंग नाहीसा करून दाखविण्याची जुनी प्रथाही येथे अपुरी पडते. प्रतिपिंडाची बंधनस्थळे पेप्टाइडने अडविली की खरा रंग जातो तसाच खोटाही जातो. या चाचणीने प्रतिपिंड त्या पेप्टाइडला चिकटते एवढेच सिद्ध होते, आणि तेवढ्याविषयी कोणाचा वाद नव्हता.

निर्णायक कसोटी निराळी आहे : ज्या पेशीत ते जनुकच नाही, तिच्यावर प्रतिपिंड वापरून पाहणे. ही कसोटी २०१७ साली नव्यानेच सुचली असेही नाही. बीटाचे जनुक निकामी केलेल्या उंदरांची ऊतकेसुद्धा बीटाच्या अनेक प्रतिरक्तद्रवांनी रंगतात, हे २०१० सालीच प्रसिद्ध झाले होते. एवढा स्पष्ट इशारा मिळूनही पुढील सात वर्षे तीच द्रव्ये वापरात राहिली, ही या प्रकरणातील सर्वांत खेदाची बाजू मानावी लागेल. केंब्रिजमधील एका गटाच्या स्वतंत्र तपासणीतही २०१७ सालीच नित्याच्या वापरातील एक प्रतिपिंड अविशिष्ट ठरले.

तथापि या निबंधाचा निष्कर्षही मर्यादेतच घ्यावयास हवा. ‘पुरावा आढळला नाही’ हे विधान आणि ‘ग्राही नाही’ हे विधान एक नव्हे. फॉर्मॅलिनने स्थिर केलेल्या छेदात प्रथिनाचे रूप बदलते, आणि मोजमापाच्या खालच्या पातळीवर असलेला घटक उत्तम प्रतिपिंडालाही सापडत नाही. ही जाणीव ठेवूनच लेखकांनी आपले चित्र आरएनए-अनुक्रमणाच्या माहितीशी ताडून पाहिले व ते जुळले, ही त्यांची जमेची बाजू. आरएनए आणि प्रथिन यांचे प्रमाण नेहमीच सारखे असते असे नाही. परंतु दोन भिन्न वाटांनी एकच चित्र हाती येणे हे एका रंगीत छेदाहून कितीतरी अधिक विश्वसनीय होय.

जुने निष्कर्ष यामुळे सरसकट रद्द होत नाहीत. कृत्रिमरीत्या बीटा निर्माण करणाऱ्या पेशींवरील प्रयोग या आक्षेपातून बरेचसे सुटतात. छेदांवरील रंगाच्या तीव्रतेवरून रुग्णाच्या भवितव्याचे अनुमान काढणाऱ्या निबंधांवर मात्र तो पूर्ण बळाने लागू होतो. अशा प्रत्येक निबंधात प्रतिपिंडाचे क्लोननाम काय आहे हे पाहूनच त्याचा फेरविचार करावा लागतो, आणि ‘बीटाविरुद्धचे प्रतिपिंड वापरले’ एवढीच नोंद जेथे आहे, तेथे तोही करता येत नाही.