विद्यार्थिजीवन आणि हिशेबाचें पान

महाराष्ट्रांतील विद्यापीठांचा कारभार ज्या कायद्यान्वयें चालतो त्याचें नांव 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६' असें आहे. कायद्यांतील शब्दांकडे रसिक वाचक सहसा पाहत नाहीं. तथापि ह्या नांवांतील 'सार्वजनिक' हा शब्द वाङ्मयाच्या अभ्यासकानेंहि क्षणभर थांबून पाहावा असा आहे. मराठींत हा शब्द 'सर्वांस खुला' एवढ्याच अर्थानें रूढ झालेला नाहीं. १८७० सालीं पुण्यांत सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्यासाठीं झिजणाऱ्या गणेश वासुदेव जोशी ह्यांना लोक 'सार्वजनिक काका' म्हणूं लागले. पुढें १८९३ पासून गणेशोत्सवहि सार्वजनिक झाला. सार्वजनिक म्हटलें कीं वर्गणी आली, आणि वर्गणी आली कीं तिची वही आली, जमेची बाजू आली व खर्चाची बाजूहि आली. सार्वजनिक विद्यापीठांत शिकणारा तरुण अशाच एका विस्तीर्ण वर्गणीवर शिकत असतो. त्याच्या फीमधून त्याच्या शिक्षणाचा सारा खर्च भागत नाहीं. उरलेला भार कोणी तरी, कोठें तरी उचलीत असतो. आपल्या कादंबरीनें आणि आत्मचरित्रानें ह्या विद्यार्थ्याचें जें चित्र काढलें आहे त्यांत ही वही उघडी आहे कीं मिटलेली, हा प्रश्न प्रस्तुत लेखांत विचारावयाचा आहे. त्या चित्राचा खरेखोटेपणा पुष्कळ अंशीं ह्यावरच ठरतो असें आमचें मत आहे.

दुसऱ्याच्या अन्नावर विद्या करण्याची पद्धति आपल्याकडे नवी नाहीं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. पण त्याच्या आधींपासून आणि नंतरहि कित्येक वर्षें गरीब ब्राह्मण विद्यार्थी पुण्यासारख्या शहरांत वार लावून जेवत असे. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, आणि जो वार रिकामा राहील त्या दिवशीं माधुकरी किंवा उपवास. ही एक प्रकारची वर्गणीच होती; मात्र तिची यादी जातीच्या कुंपणाच्या आंत संपत असे. त्या काळांतील कष्टाळू विद्यार्थ्याचें अत्यंत विश्वसनीय चित्र महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांच्या 'आत्मवृत्त' (१९१५) ह्या ग्रंथांत आहे. परीक्षेसाठीं मुरुडाहून सह्याद्रि ओलांडून साताऱ्यापर्यंत पायीं गेलेला आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षेस न बसतांच परत फिरलेला मुलगा, पुढें मुंबईंत शिकवण्या करीत गणित घेऊन १८८४ सालीं बी. ए. होतो. ही हकीकत कर्वे कोठेंहि आवाज न चढवितां सांगतात. पैशाची अडचण सांगतांना त्यांस संकोच वाटत नाहीं, आणि तिचें भांडवल करावें असेंहि वाटत नाहीं. विद्या मिळवावयाची तर तिला दाम पडतो, एवढी साधी गोष्ट त्यांच्या पिढीला ठाऊक होती आणि ती लिहिण्याची त्यांना लाज नव्हती.

ह्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मराठी कादंबरी महाविद्यालयाच्या आवारांत शिरली, आणि नेमकी त्याच वेळीं वही मिटली. प्रा. ना. सी. फडके (१८९४–१९७८) हे स्वतः अध्यापक होते. तरुण विद्यार्थ्यांचा सहवास त्यांना नित्य होता, आणि 'दौलत' (१९२९) सारख्या त्यांच्या कादंबऱ्यांनीं सुशिक्षित घरांतील एका संपूर्ण पिढीला वाचनाची गोडी लावली. त्यांची बाजू प्रथम सांगितली पाहिजे. शिकलेल्या मुलामुलींनीं एकमेकांशीं मोकळेपणानें बोलावें, ह्या गोष्टीकडे समाज संशयानें पाहत असतां फडक्यांनीं त्या बोलण्याला लालित्य आणि प्रतिष्ठा दिली. हें कार्य लहान नव्हे. पण त्यांच्या वळणाच्या आणि त्यांचें अनुकरण करणाऱ्यांच्या कादंबऱ्यांत कॉलेज हें प्रीतीच्या खेळाचें एक सुबक अंगण होऊन बसलें. टेनिसचें मैदान, स्नेहसंमेलन, चांदण्यांतील फिरणें ह्यांची वर्णनें आपणांस मिळतात. नायक खाणावळीचें बिल कशांतून देतो, त्याची सत्राची फी कोणाच्या घामाची आहे, हें मात्र कळत नाहीं. पैसा आलाच तर कथानकाला कलाटणी देण्यापुरता येतो आणि काम होतांच निघून जातो.

कोणी म्हणेल, टीकाकारानें कादंबरीकाराकडून कारकुनाचा हिशेब मागावा काय? कला म्हणजे कांहीं रोजकीर्द नव्हे. हा आक्षेप वरवर सयुक्तिक आहे, आणि आकड्यांची मागणी आम्हीं केलीहि नाहीं. प्रश्न घटनांच्या वजनाचा आहे. सुखवस्तु नायक परीक्षेत नापास झाला तर त्याचा एक उन्हाळा उदास जातो. ज्याची शिष्यवृत्ति त्या निकालावर टांगलेली आहे, त्याचें नापास होणें म्हणजे वळकटी बांधून गांवाकडे परतणें होय, बहुधा कायमचें. घटना एकच, परंतु तिचें वजन वहीच्या पानावर ठरतें. तें पान फाडून टाकलें कीं लेखकाच्या हातीं केवळ हळवेपणा उरतो.

हें पान मराठी कादंबरींत परत आणण्याचें श्रेय भालचंद्र नेमाडे ह्यांच्या 'कोसला' (१९६३) ह्या कादंबरीकडे जातें. खानदेशांतील सांगवी गांवचा पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास येतो. वसतिगृहांत राहतो, गॅदरिंगच्या उलाढालींत शिरतो. खाणावळीचा कारभार त्याच्या अंगाशीं येतो. वडिलांचा पैसा हां हां म्हणतां उडतो, आणि अखेर पदवीवांचून तो गांवीं परततो. फडक्यांच्या नायकाला वडील असले तरी शेत नसतें. पांडुरंगाच्या मागें शेत आहे, भाऊबंदकीचें गांव आहे, हात आंखडता असलेला बाप आहे. आणि पुण्यांत उधळलेला प्रत्येक रुपया त्या बापाच्या तोंडावर उमटत असल्याची जाणीव मुलाला कधीं सोडीत नाहीं. ह्या कादंबरींतील 'वगैरे' हा शब्द फार गाजला. तिरकसपणाची खूण म्हणून त्याची पुष्कळ चर्चा झाली आहे. आम्हांस त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. मुलगा घरीं खर्च कळवितांना जें सांगावयाचें नसतें तें 'किरकोळ वगैरे' ह्या सदरांत घालतो. पांडुरंगाचें सारें निवेदनच अशा सदरांत दुःख घालीत चाललेलें आहे. धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यु येतो तेव्हां मात्र त्या सदरांत तो मावत नाहीं, आणि म्हणूनच तो भाग वाचकाच्या मनांतून जात नाहीं.

तरीहि पांडुरंगाचा बाप फी भरूं शकत होता. ज्यांच्या बापाजवळ पाठविण्यास कांहींच नव्हतें त्यांच्यासाठीं महाराष्ट्रांत निराळी वर्गणी उभी राहत होती. राजर्षि शाहू महाराजांच्या कोल्हापुरांत १९०१ पासून निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें निघालीं. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविलें आणि श्रम करून शिकण्याचा धडा घालून दिला. १९४४ पासून हिंदुस्थान सरकारनें अस्पृश्य विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठीं शिष्यवृत्त्या सुरू केल्या, आणि १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, महाविद्यालय उघडलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनीं, १९५८ सालीं आलें. वाराची यादी जातीच्या कुंपणांत संपत असे. आतां तें कुंपण निदान कागदावर तरी मोडलें.

ह्या वर्गणीवर शिकलेल्या पिढीनें पुढें लेखणी हातीं घेतली. प्र. ई. सोनकांबळे ह्यांचें 'आठवणींचे पक्षी' (१९७९), लक्ष्मण माने ह्यांचें 'उपरा' (१९८०), आनंद यादव ह्यांचीं 'झोंबी' (१९८७) व 'नांगरणी' (१९९०) हीं पुस्तकें ह्या दृष्टीनें ओळीनें वाचण्यासारखीं आहेत. तीं एका सामाजिक थरांतून आलेलीं नाहींत आणि त्यांची भाषाहि एक नाहीं. सोनकांबळ्यांचा स्वर पोरक्या मुलाचा आहे. मान्यांच्या शब्दांत कैकाड्यांच्या फिरत्या बिऱ्हाडाची धूळ आहे. यादवांच्या दोन्ही पुस्तकांचीं नांवेंच कुस्ती आणि शेत ह्यांतून आलेलीं आहेत. 'झोंबी'मधील बाप मुलानें शेतांतून उठून शाळेंत जाऊं नये म्हणून अडून बसतो, आणि मुलाच्या बाजूनें आई उभी राहते. येथें शिक्षणाची किंमत नुसत्या फीनें मोजतां येत नाहीं. शेतांतून गेलेले दोन हात हीहि त्या घराच्या दृष्टीनें तोट्याची बाब आहे. मध्यमवर्गीय कादंबरीच्या वहींत ही बाब कधींच नोंदली गेली नव्हती.

येथवर ह्या आत्मचरित्रांची स्तुति केली. आतां त्यांतील उणेपणाहि सांगितला पाहिजे. खाणें, राहणें, फी, अपमान ह्यांचा तपशील ह्या प्रकारच्या वाङ्मयांत भरभरून येतो. परंतु ज्यासाठीं हा सारा खटाटोप केला तें अध्ययन मात्र बहुधा पडद्याआड राहतें. वर्गांत काय शिकविलें गेलें, कोणत्या पुस्तकानें डोळे उघडले, कोणती कल्पना प्रथम कळली तेव्हां काय वाटलें, हें क्वचितच वाचावयास मिळतें. 'कोसला'मध्यें प्राध्यापक हे थट्टेचाच विषय आहेत. म्हणजे एका वाङ्मयानें विद्यार्थ्याला पोट नाहीं असें मानलें, आणि दुसऱ्यानें, अगदीं निराळ्या कारणासाठीं, त्याच्या बुद्धीची हकीकत अर्ध्यावर सोडली. उपाशी मुलाला भाकरीची आठवण आधीं यावी ह्यांत दोष त्याचा नाहीं. पण वाचक मात्र असें समजून बसतो कीं विद्यापीठ म्हणजे वसतिगृह, खाणावळ आणि शेवटीं हातीं पडणारा पदवीचा कागद.

ह्या उणिवेला एक ठळक अपवाद आहे, आणि तो आमच्या मतें मराठींतील विद्यार्थिजीवनावरील अव्वल लेखनांत गणला जावा. कुमुद पावडे ह्यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) ह्या पुस्तकांत त्यांनीं आपल्या संस्कृत-अध्ययनाची कथा सांगितली आहे. नागपुरांतील दलित घरांतील ही मुलगी जी भाषा तिच्या पूर्वजांना ऐकण्याचीहि बंदी होती तीच शिकावयास घेते. शाळेंतील गोखले गुरुजींचें चित्र तिनें कृतज्ञतेनें रेखाटलें आहे. पुढें ती संस्कृत घेऊन एम. ए. होते, लोक तोंडावर कौतुक करतात, नोकरी मात्र मिळत नाहीं. ती मिळते विवाहानंतर, आडनांव बदलल्यावर. नेमणूक झाली ती पावडे ह्या नांवाच्या बाईची, माहेरच्या आडनांवाच्या विदुषीची नव्हे, हें लेखिका जेव्हां नोंदविते तेव्हां हिशेबाची वही एकदम पूर्ण उघडते. सार्वजनिक पैशानें शिकविलें, आणि सार्वजनिक जागेच्या दारांत आडनांवानें अडविलें! हें शल्य इतकें खोल जातें ह्याचें कारण त्या लेखांत अध्ययनाचा आनंदहि खरा आहे. संस्कृतवरील तिचें प्रेम आधीं आपणांस पटलेलें असतें. म्हणून अन्याय कोणत्या वस्तूवर झाला हें आपणांस दिसतें.

आज ह्या विषयाची निकड कमी झालेली नाहीं. राज्यांत खासगी विद्यापीठें निघालीं आहेत, आणि 'सार्वजनिक' हें विशेषण त्यांच्याहून निराळेपण दाखविण्यासाठीं कायद्याला वापरावें लागत आहे. २०२४ सालीं राज्य सरकारनें वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील, ठराविक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. पुण्याच्या सदाशिव पेठेंत आणि आसपासच्या अभ्यासिकांत गांवोगांवचीं मुलें स्पर्धापरीक्षांच्या आशेनें वर्षानुवर्षें बसलेलीं आहेत, आणि त्यांचे डबे व खोलीचें भाडें कोठल्या तरी शेतांतून येत आहे. ह्या मुलामुलींतून लेखक निघतील ह्यांत संशय नाहीं. त्यांच्यापुढें दोन्ही परंपरा आहेत: एक गोड बोलणारी आणि वही मिटणारी, दुसरी वही उघडणारी पण पुस्तक बाजूला ठेवणारी.

ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें त्यांपैकीं पुष्कळ घरांतून मुलें वसतिगृहांत गेलेलीं असतील. दर महिन्याला पाठवावयाची रक्कम त्या घरांना तोंडपाठ असते; आपल्या मुलानें ह्या महिन्यांत काय वाचलें, हें सहसा ठाऊक नसतें. आपलें वाङ्मय ह्या दोन गोष्टी अजून एका पानावर लिहीत नाहीं, ह्याचें मूळ कदाचित् आपल्या घरांतील ह्या संवयींतहि असेल. खाणावळीचें बिल थकलें असतां रात्रीं ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचीत बसलेला विद्यार्थी आपल्या विद्यापीठांतून कोणीं पाहिला नाहीं? तो कोणतें पुस्तक वाचीत होता, आणि त्यांतील कोणत्या पानानें त्याला भुकेचा विसर पडला, हें सांगणारी कादंबरी मराठींत यावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून हा लेख पुरा करतों.